घोडियाघर, पाळणाघर आणि दुसरं मूल

बडोद्यात पाळणाघराला घोडियाघर म्हणतात. घोडियुं म्हणजे झुलता पाळणा. आम्ही मराठी माणसं घरात ‘पाळणाघर’ म्हणतो आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ‘घोडियाघर’. माझी मुलगी लहान असताना रावपुऱ्याच्या मागच्या बाजूला एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर असंच एक होतं. चालवणाऱ्या काकू मराठी, हाताखालच्या बेन गुजराती, आणि मुलं अकरा. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून बॉलपेनने नाव लिहिलेलं. दुपारी वरणभाताचा वास आणि चार मुलं झोपली की पाचव्याला रडू.

पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. माझं ऑफिस मकरपुऱ्याला, सुटायचं सहाला. एकदा लालबागच्या पुलावर गाड्या अडकल्या आणि मला पोहोचायला सात वाजले. मुलगी दोन वर्षांची होती. जिन्याच्या खालच्या पायरीवर बेनच्या मांडीवर बसली होती, पायात बूट, पाठीवर पिशवी, निघायच्या तयारीत. रडत नव्हती. बेन फक्त म्हणाल्या, “आजे बहु मोडुं थयुं.” आज फार उशीर झाला. त्यांना पुढे स्वतःच्या घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता.

आमच्याकडे दुसऱ्या मुलाचा विषय कधी औपचारिकपणे मिटला नाही, पण तो विझत गेला त्याच महिन्यांत. सासूबाई मुलीला अधूनमधून सांभाळायच्या, गुडघे दुखायचे. “दोघांचं मला फावणार नाही गं,” असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. (बडोद्याच्या मराठीत ‘जमणार नाही’ला ‘फावणार नाही’ म्हणतात.) त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या जगभरातली सरकारं एका प्रश्नाने हैराण आहेत. लोक मुलं कमी होऊ देतायत. मग सरकारने स्वस्त, चांगली पाळणाघरं काढली तर जन्मदर वाढेल का? यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बराच अभ्यास झालाय. उत्तर थोडक्यात द्यायचं तर: हो, थोडासा, पण सगळीकडे नाही, आणि एकट्या पाळणाघराने तर नाहीच. मला मात्र या उत्तराच्या आतली यंत्रणा जास्त रंजक वाटते.

आधी मोजमाप समजून घेऊ. बातम्यांत ज्याला ढोबळपणे ‘जन्मदर’ म्हणतात तो आकडा बहुतेक वेळा ‘एकूण प्रजनन दर’ असतो. म्हणजे आजच्या प्रत्येक वयाच्या बायकांना ज्या प्रमाणात मुलं होतायत तेच प्रमाण कायम राहिलं, तर एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहायला तो २.१ च्या आसपास लागतो. आईबापांच्या जागी दोघं, आणि मोठं होण्याआधी दगावणाऱ्या मुलांसाठी व मुलगे किंचित जास्त जन्मतात त्यासाठी वरचा तो .१. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ साली भारताचा आकडा ३.४ होता, २०१९-२१ मध्ये तो २.० झाला. त्याच फेरीत गुजरात १.९, महाराष्ट्र १.७ आणि देशातली शहरं मिळून १.६. आमच्या घरापुरतं सांगायचं तर आजीला सात, आईला तीन, मला एक.

आता गंमत बघा. मुलं कमी होण्याची सुरुवात शाळेपासून झाली, असं मानणारा अभ्यासकांचा एक मोठा गट आहे. जॉन कॅल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्यातज्ज्ञाने हा मुद्दा ठासून मांडला. जोवर मूल आठव्या वर्षापासून गुरं राखतं, दुकानात बसतं, धाकट्याला कडेवर घेतं, तोवर जास्त मुलं म्हणजे जास्त हात. सरकारने सगळ्यांना शाळेत घातलं की हेच मूल कमवायचं थांबतं आणि खर्चिक होतं: पाटी, कपडे, फी, आणि आईबापांचं लक्ष. बडोद्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. महाराजांच्या डोक्यात कुटुंबाचा आकार नव्हता, साक्षरता होती. पण एक गोष्ट तेव्हाच ठरली. सहा-सात वर्षांपुढच्या मुलाचा दिवसाचा मोठा भाग ही घराबाहेरच्या व्यवस्थेची जबाबदारी झाली. त्याआधीची वर्षं मात्र घराकडेच राहिली. आपला सगळा प्रश्न त्या राहिलेल्या वर्षांचा आहे.

ती वर्षं पूर्वी कोण सांभाळायचं? आजी, काकू, आणि सगळ्यात जास्त मोठी बहीण. हे जिने अगदी जवळून पाहिलं ती एक मराठी बाई होती. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून नंतर महाराष्ट्रात परतल्या आणि बोर्डी-कोसबाड भागात उतरल्या. तिथे आदिवासी पाड्यांवर त्यांच्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांच्या लक्षात आलं की मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या काखेत धाकटं भावंड असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. नाव दिलं विकासवाडी. मोठी मुलगी वर्गात, मधला बालवाडीत, धाकटं पाळण्यात. दुसऱ्या देशांत पुढे ज्यावर मोठमोठे अहवाल लिहिले गेले ते सूत्र त्या आवारात कृतीत होतं. मूल सांभाळण्याची वेळ कुणाच्या तरी आयुष्यातून कापून घेतली जाते. आजीच्या, बहिणीच्या, नाहीतर आईच्या.

आईच्या आयुष्यातून कापली तर त्याची किंमत काढता येते. समजा एका मुलीचा पगार महिना २२ हजार आहे. पाळणाघराचे ५ हजार, रिक्षाचे २, आजारपणात पडलेल्या खाड्यांचे हजारभर. हातात उरले १४. एका मुलापर्यंत हे गणित कसंबसं चालतं. दुसरं झालं की पाळणाघर दुप्पट, रिक्षा दुप्पट, खाडे दुप्पट, आणि हातात उरतात सहा हजार. आता घरातले म्हणतात, “एवढ्यासाठी कशाला धडपड?” ती नोकरी सोडते. इथे सहा हजारच गेले असं वाटतं, पण ते खरं नाही. पाच वर्षांनी परत येताना ती २२ हजारांवर येत नाही, अनेकदा येतच नाही. प्रॉव्हिडंट फंड थांबतो, बढती दुसऱ्याला जाते. अर्थशास्त्रात गॅरी बेकरने १९६० च्या सुमारास मुलांच्या बाबतीत ही खर्चाची भाषा आणली तेव्हा पुष्कळांना ती रुक्ष वाटली. मलाही वाटते. पण हळदीकुंकवाला बायका एकमेकींशी ज्या हलक्या आवाजात बोलतात ते ऐकलं तर तीच भाषा असते, फक्त शब्द मराठी.

तेव्हा सरकारी पाळणाघर या गणितात दोन ठिकाणी हात घालतं. फी कमी करतं, हे उघड. आणि आईला नोकरी टिकवायला देतं, हे जास्त मोठं.

इथे एक जुनी समजूत आड येते: बायका नोकरी करायला लागल्या म्हणून मुलं कमी झाली. १९७० च्या दशकापर्यंत श्रीमंत देशांची तुलना केली तर चित्र खरंच तसं होतं. ज्या देशात बायका जास्त कामावर, तिथे मुलं कमी. १९८० च्या दशकात हा संबंध उलटला. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क इथे बायका जास्त कामावर होत्या आणि मुलंही जास्त होती. इटली, स्पेनमध्ये बायका कमी कामावर, आणि मुलं त्याहून कमी. याचं बरंचसं स्पष्टीकरण असं की उत्तरेकडे नोकरी आणि मूल दोन्ही धरून ठेवता येईल अशी सोय उभी राहिली, दक्षिणेत नाही. दक्षिणेतल्या मुलीपुढे दोनच वाटा होत्या आणि शिकलेल्या मुली नोकरीची वाट धरू लागल्या.

पण ‘सोय आहे तिथे मुलं जास्त’ एवढ्यावरून सोयीमुळे मुलं झाली असं म्हणता येत नाही. छत्र्या उघडलेल्या दिसतात म्हणून छत्र्यांनी पाऊस पाडला असं होत नाही. जिथे मुलं जास्त तिथेच नगरपालिका पाळणाघरं बांधणार, हेही शक्य आहे. म्हणून संशोधकांनी युक्ती केली. एकाच देशातल्या वेगवेगळ्या भागांत पाळणाघरं वेगवेगळ्या वर्षी पोहोचली, तर आधी पोहोचलेल्या भागात पुढच्या वर्षांत काय बदललं आणि शेजारच्या मागे राहिलेल्या भागात काय, ते बघायचं. जणू गोत्रीत पाळणाघरं २०२६ ला आली आणि मांजलपुरात २०३० ला, तर मधल्या चार वर्षांत दोन्हींकडे काय फरक पडला.

नॉर्वेत हे फार चांगलं करता आलं, कारण तिथे १९७० च्या दशकापासून पाळणाघरं गावागावांत एकेक करत वाढली आणि प्रत्येक बाईची नोंद सरकारकडे असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की शाळेआधीच्या मुलांसाठी एकही जागा नसलेल्या स्थितीपासून ६० टक्के मुलांना जागा मिळेल अशा स्थितीपर्यंत गेलं, तर सरासरी बाईला आयुष्यभरात ०.५ ते ०.७ मुलं जास्त होतात. लोकसंख्येच्या हिशेबात हा आकडा प्रचंड आहे. अर्धं मूल ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याचा अर्थ दर दोन बायकांमागे एकीने ‘एक पुरे’ऐवजी ‘दोन’ म्हटलं असा घ्यायचा.

जर्मनीची गोष्ट मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते. पश्चिम जर्मनीत तीन वर्षांखालच्या मुलाला पाळणाघरात ठेवून कामावर जाणाऱ्या आईसाठी एक शब्दच होता, ‘राबेनमुटर’. शब्दशः डोमकावळ्याची आई, पिल्लं टाकून उडून जाणारी. शब्द इतका रुळलेला असताना पाळणाघरं कोण मागणार? २००० च्या सुरुवातीला तिथे तीन वर्षांखालच्या शंभर मुलांमागे जेमतेम दोन-तीन जागा होत्या. बर्लिनची भिंत पडण्याआधीच्या पूर्व जर्मनीत मात्र बायकांनी कारखान्यात जायचं आणि मुलांनी पाळणाघरात, हे सरकारीच धोरण होतं, आणि तिथल्या जागा पुढेही बऱ्याच टिकल्या. मग २००५ पासून पश्चिमेत झपाट्याने जागा वाढवल्या, आणि १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्कच दिला. हक्क म्हणजे जागा दिली नाही तर आईबाप कोर्टात जाऊ शकतात. याचा जिल्हावार अभ्यास झाला तेव्हा दिसलं की शंभर मुलांमागे दहा जागा वाढल्या की जन्म साधारण तीन टक्क्यांनी वाढतात. फार नाही, पण खरी वाढ. शिवाय कावळ्याचा तो शब्दही हळूहळू बोथट झाला. सगळ्यांचीच मुलं पाळणाघरात असली की टोमणा मारायला कुणी उरत नाही.

स्वीडनची खुबी फीमध्ये आहे. २००२ मध्ये तिथे फीवर कमाल मर्यादा आली. पहिल्या मुलासाठी उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २, तिसऱ्यासाठी १, आणि चौथं फुकट. म्हणजे घरातलं प्रत्येक पुढचं मूल आधीच्यापेक्षा स्वस्त. माझ्या त्या २२ हजारांच्या हिशेबात हे घालून बघा: दुप्पट होणाऱ्या रकमा दुप्पट होतच नाहीत. आपल्याकडे पाळणाघरवाल्या काकू फारतर दुसऱ्याचे पाचशे रुपये कमी करतात, तेही ओळखीत.

या स्वीडिश विचारामागे एक जोडपं होतं, आल्वा आणि गुन्नार मिर्डाल. १९३४ साली, जन्मदर घसरला म्हणून देशात ओरड चालू असताना त्यांनी लिहिलं की बायकांना घरी बसवून काही होणार नाही. घरं, आरोग्य, बालसंगोपन यांचा खर्च समाजाने वाटून घ्यावा. या आल्वाबाई पुढे १९५५ ते १९६१ भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या. त्या दिल्लीत आल्या तेव्हा इथलं सरकार तीन वर्षांपूर्वी सुरू केलेल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमातून नेमका उलटा प्रयत्न करत होतं. दोघांच्या गप्पा काय झाल्या असतील असं उगाच मनात येतं.

आता एक फसवी जागा. धनतेरसला सोनाराकडे रांग लागते म्हणून वर्षभरात सोनं जास्त खपलं असं होत नाही. मार्गशीर्षात घेणारे लोक ऑक्टोबरातच घेऊन मोकळे होतात. मुलांचंही तसं होऊ शकतं. सोय झाली की जोडपी दुसरं मूल दोन वर्षं आधी होऊ देतात, त्या वर्षांचा आकडा वर जातो, मंत्री पत्रकार परिषद घेतात, आणि नंतर आकडा खाली येतो, कारण एकूण मुलं तेवढीच. स्वीडनच्या फी कपातीच्या अभ्यासात दुसऱ्या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच दिसलं: आधी झालं, जास्त झालं असं नाही. पहिल्या आणि तिसऱ्या किंवा त्यापुढच्या मुलांत मात्र वाढ होती. म्हणून असा दावा ऐकला की विचारायचं, एका वर्षाचा आकडा आहे की चाळिशी ओलांडलेल्या बायकांना झालेल्या एकूण मुलांचा?

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरचं पाळणाघर सुरू केलं. आयांच्या नोकऱ्या स्पष्टपणे वाढल्या. पियेर फोर्तँ या अर्थशास्त्रज्ञाच्या हिशेबाने २००८ मध्ये सुमारे ७० हजार जास्त आया कामावर होत्या, आणि त्यांच्या करांतून खर्चाचा मोठा भाग परत आला. प्रजनन दरही दशकभरात दीडच्या खालून १.७ पर्यंत गेला. पण २००६ मध्ये वेगळी पालक-रजाही आली होती, तेव्हा श्रेय कुणाचं ते वेगळं काढणं अवघड. आता तो पुन्हा १.४ च्या खाली आहे, तरी कॅनडाच्या सरासरीहून वर. दुसरं एक कडू फळही आलं. घाईत वाढवलेल्या केंद्रांत मुलांमध्ये चिडचिड, मारामारी वाढल्याचं काही संशोधकांनी नोंदवलं. स्वस्त आणि चांगलं हे दोन वेगळे शब्द आहेत.

आणि मग दक्षिण कोरिया. तिथे २०१३ पासून पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना, आईबापांचं उत्पन्न न बघता, पाळणाघर आणि बालवाडीचा खर्च सरकार देतं. त्या वर्षी प्रजनन दर १.१९ होता. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, ०.७२. जगात नीचांकी. मग पाळणाघराने काय केलं?

कोरियात मूल सहा वर्षांचं होईपर्यंतचा खर्च खरं तर छोटा. पुढे संध्याकाळचे खासगी क्लास, कॉलेजच्या एका परीक्षेसाठी बारा वर्षांची शर्यत, सोलमधल्या घरांच्या किमती, रात्री उशिरापर्यंतचं ऑफिस, आणि घरी आल्यावर जवळपास सगळं काम बाईने करायचं ही अपेक्षा. तिथे लग्नाशिवाय मूल अगदी क्वचित होतं, आणि मुली लग्नच टाळतायत. जी मुलगी लग्नच करत नाही तिला फुकट पाळणाघराचा काय उपयोग? आमच्याकडे अल्कापुरीत रात्री नऊ वाजता क्लासमधून सुटणारी मुलं आणि बाहेर स्कूटरवर थांबलेले बाप बघते तेव्हा कोरिया मला फार लांबचा वाटत नाही.

फिनलंड त्याहून गोंधळात टाकतो. पाळणाघरं उत्तम, बापांना रजा, घरकामात बराच वाटा. तरी २०१० मध्ये १.८७ असलेला दर २०२३ मध्ये १.२६ वर आला. खोलात गेलं तर कळतं की घट मुख्यतः पहिलं मूलच न होण्यामुळे आहे. ज्यांना एक झालंय ते दुसऱ्याचा विचार अजूनही करतात. पण पहिल्यापर्यंत पोहोचणारेच कमी झाले. जोडीदार सापडत नाही, सापडला तर टिकत नाही, भविष्याची खात्री वाटत नाही.

हे सगळं एकत्र ठेवलं तर पाळणाघराचा खरा आवाका दिसतो. ज्यांना मूल हवंय आणि जे गणितापाशी अडलेत, त्यांच्या ‘नको’मागचं एक कारण ते काढून घेतं. ज्यांना मूल नकोच आहे, किंवा ज्यांचं अडणं घराशी, लग्नाशी, नवऱ्याच्या हाताला लागलेल्या आळसाशी आहे, त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. नवऱ्याचा उल्लेख मी रागाने केलेला नाही, आकड्याने केलाय. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात भारतात स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि करणारे पुरुष ९७. आणि ‘करणारे’ पुरुष मुळातच थोडे.

आपल्या देशात प्रश्नाला दोन तोंडं आहेत. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना ‘हवी असलेली’ मुलं मोजली तर आकडा १.६ येतो आणि प्रत्यक्षात होतात २.०. म्हणजे देश मिळून अजूनही नको असताना होणारी मुलं जास्त आहेत, आणि तिथे गरज गर्भनिरोधकांची, दवाखान्याची आहे. पण शहरातल्या नोकरदार घरांत उलटं: हवीत दोन, होतं एक. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२५ च्या अहवालासाठी १४ देशांत विचारणा झाली होती. हवी तितकी मुलं न होण्यामागे भारतातल्या ३८ टक्के लोकांनी पैशाचं कारण सांगितलं, आणि साधारण १८ टक्क्यांनी विश्वासाचं पाळणाघर नसल्याचं.

आपल्याकडे सरकारी पाळणाघर नाही असं मात्र नाही. अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी ही योजना सुरू झाली. गुजरातेत ती तेव्हाच्या बडोदे जिल्ह्यातल्या छोटा उदेपूरला. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. गुजरात सरकारने इमारतींना छान नाव दिलंय, नंदघर. आणि मदतनीस बाईला इथे तेडागर म्हणतात, म्हणजे घरोघर जाऊन मुलांना घेऊन येणारी. मला हा शब्द फार आवडतो. पण अंगणवाडी बांधली गेली ती पोषण, लसीकरण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेआधीच्या शिक्षणासाठी. दुपारी ती मिटते. दुपारनंतर आई कुठे असते याचा विचार त्या रचनेत नव्हता.

तो आता होतोय. २०२२ पासून ‘पालना’ योजनेखाली काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलं जातंय: सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. कागदावर वाचून बरं वाटलं आणि मग मी बोटं मोजली. नऊ तासांची पाळी, जायला-यायला सव्वा तास. साडेसात तासांत मकरपुऱ्यातली कुठली मुलगी मावेल? बांधकामावर, शेतात, जवळपासच्या घरकामाला जाणाऱ्या आईला मात्र हे खरंच उपयोगी पडेल, आणि खरं तर पहिली गरज तिचीच आहे. तिचं तान्हं अजून विटांच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत असतं.

नोकरदार वर्गासाठी रस्ता कायद्याचा धरलाय. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. मग मालक काय करणार? तिसावी बाई आली की भरती थांबवणार. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने हा खोडसाळपणा अर्धा मोडला. आता माणसं, स्त्री-पुरुष मिळून, ५० झाली की पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. रजाही १२ वरून २६ आठवडे झाली, पण पहिल्या दोन मुलांपुरती. मी तेव्हा जिथे काम करत होते तिथे हजेरीपटावर माणसं कायम पन्नासच्या किंचित खाली असायची. उरलेली कंत्राटदाराच्या वहीत. शिवाय खर्च सगळा मालकावर टाकला की मुलाखतीला आलेली सत्तावीस वर्षांची नवविवाहित मुलगी त्याला महागडी दिसते. म्हणून पाळणाघर सरकारी असण्यात अर्थ आहे. खर्च सगळ्या करदात्यांत वाटला गेला की कुठल्याही एका मुलीच्या कपाळावर किंमतीची चिठ्ठी लागत नाही. डेन्मार्कमध्ये आईबापांनी खर्चाच्या जास्तीत जास्त चौथा हिस्सा द्यायचा, उरलेला सार्वजनिक.

अलीकडे आपल्याकडचेही काही पुढारी जास्त मुलं होऊ द्या म्हणायला लागलेत. दुसरीकडे गुजरातेत २००५ पासून दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्याला स्थानिक निवडणूक लढवता येत नाही. एका हाताने ढकला, दुसऱ्याने ओढा. माझं मत विचाराल तर पाळणाघराची मागणी जन्मदराच्या नावाने करूच नये. उद्या कोरियासारखा आकडा खालीच राहिला तर ‘उपयोग झाला नाही’ म्हणून ती बंद करायला कारण मिळेल. आणि जिन्यावर बूट घालून बसलेल्या मुलीला जन्मदराशी काय देणंघेणं?

आमच्या ऑफिसातली एक मुलगी सध्या चौथ्या महिन्यात आहे. माहेर दांडिया बाजारात, सासर वाघोडिया रोडला, आणि आई स्वतः अजून शाळेत नोकरीला. परवा जेवणाच्या सुट्टीत तिने फोनवर दोन घोडियाघरं दाखवली. एक घराजवळ, सहाला बंद. दुसरं सातपर्यंत, पण वर्षाखालचं मूल घेत नाहीत. नवऱ्याची सकाळची पाळी मिळते का ते ती बघतेय. त्याचा साहेब म्हणाला, बायको काय करते? तिने मला विचारलं, तुमच्या त्या रावपुऱ्याच्या काकू अजून घेतात का मुलं. काकूंनी चार वर्षांपूर्वीच बंद केलं. त्यांना आता स्वतःची नात सांभाळायची असते.